पंख्याची घरघर राहू द्या

मी एक व्हिडिओ कॅसेट बोलतेय. आवाज जरा घोगरा वाटेल, पण वयाचा मान ठेवा. मला वाजवणारी यंत्रंही आता औषधापुरतीच उरली आहेत.

माझा जन्म कारखान्यातला, पण माझ्यात जीव आला तो एका दुपारी. घरात नवा कॅमेरा आला होता. आईने तो स्टुलावर ठेवला, शेजारी टेबलफॅन लावला आणि समोर बसलेल्या छोट्या लेकीशी कॅमेऱ्यामागून गप्पा मारल्या. त्या सगळ्या मी साठवल्या. पुढे मला कोणी विचारलं नाही. माणसं आठवणी जपतात म्हणे. मी तर त्यांना कपाटात कोंबून विसरतानाच पाहिलंय. मला फार राग यायचा.

मग आई गेली. तिचे फोटो ढीगभर होते, आवाज मात्र फक्त माझ्यापाशी. लेकीचे आता केस पिकलेत. तिने मला रुमालात गुंडाळलं आणि जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या एका दुकानात नेलं.

दुकानदाराने काम मन लावून केलं. जरा जास्तच. घरघर आली की साफ करायची आणि आवाज दाबून फाईल आटोपशीर करायची, ही त्याची सवय. लेक फाईल बघायला बसली. पडद्यावर छोटी हसत होती, मान डोलवत होती, कोणाला तरी उत्तरं देत होती. प्रश्न मात्र कुठेच नव्हते.

"यात आई कुठाय?"

त्याने आवाज वाढवला. छोटीचा आवाज फाटला, आई काही बोलेना.

"पंख्याची घरघर काढली ना ताई, तिच्याबरोबर त्यांचा आवाजही गेला," तो ओशाळून म्हणाला. "या फाईलीत तो आता नाहीच, मोठा कुठून करणार? पुन्हा कॅसेटवरूनच घ्यावं लागेल. पण फीत पार जीर्ण झालीय. तुटली तर मला बोल लावू नका."

तिने मला उचलून त्याच्या हातात दिलं. मग म्हणाली, "लावा. आणि घरघर राहू द्या. आमचाच पंखा आहे तो."

त्याने यंत्र आतून पुसून घेतलं. या वेळी काही साफ करायचं नाही, काही दाबायचं नाही. मी जीव मुठीत धरून फिरू लागले. एके ठिकाणी फीत दुमडली, कळ आली, तरी थांबले नाही.

घरघर सुरू झाली आणि तिच्याआडून आई म्हणाली, "ऐकू येतंय ना गं माझं?"

पडद्यावरच्या छोटीने नुसती मान डोलावली. खुर्चीतली लेक म्हणाली, "येतंय, आई."

सगळं उतरून झालं आणि परत गुंडाळताना माझी फीत तुटलीच. दुकानदार हळहळला, पण मला वाईट वाटलं नाही. आता मी लेकीच्या टेबलाच्या खणात असते, त्याच रुमालात. माझं एवढंच मागणं आहे: नवी फाईल हातात आली की शेवटपर्यंत नीट ऐका. आपलं माणूस त्यात आहे याची खात्री करा, आणि मगच आमचा निरोप घ्या.