घाटात मी मामांचं ऐकलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. शिरूरला एका गॅरेजच्या मागे लिंबाखाली उभी असते. टायर बसलेत, टपावर कोंबड्या चढतात. पण त्याचं रडगाणं मला गायचं नाही. मला एक चूक कबूल करायची आहे.

२००४ साली पॉलसाहेबांनी मला आणलं. ते कारखान्यात मोठे अधिकारी. आपोआप गिअर बदलणारी गाडी गल्लीत कुणी पाहिलेली नव्हती. लोक काचेतून वाकून बघायचे आणि म्हणायचे, "आरं, हिचा क्लच कुठं हाय?" मी अशी शेफारले म्हणून सांगू!

मला चालवायला आले यवतचे मीरासाहेब मामा. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर, नुकतेच निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी त्यांचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला. पॉलसाहेबांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. दुसऱ्या दिवसापासून मामा डावा पाय मांडीखाली दुमडून बसू लागले. गल्ली हसली. मीही हसले.

माझ्या गिअरच्या दांड्याला बाजूला एक खाच आहे. दांडा तिकडे घेतला की गिअर हाताने बदलता येतात. पॉलसाहेब तिकडे कधी फिरकले नाहीत. मामा मात्र चढ-उतार दिसला की दांडा त्या खाचेत घालायचे. "ज्या गिअरात चढलो, त्याच गिअरात उतरायचं," हा त्यांचा एसटीतला नेम. उतारावर खालच्या गिअरात इंजिनच गाडी आवरतं, ब्रेक तापत नाहीत. मला भारी राग यायचा. अहो, सगळं माझं मला कळतं, मग हा म्हातारा मला काय शिकवणार?

त्या डिसेंबरात आम्ही सासवडहून लग्न उरकून परत येत होतो. मामांच्या शेजारी पॉलसाहेबांचे सासरे येशुदास बसले होते. मागे पॉलसाहेब आणि त्यांची आई कृपाबाई. भुलेश्वरचा घाट उतरून यवतला यायचं होतं. घाटाच्या तोंडाशी मामांनी हाताने दुसरा गिअर मागितला. वेग जास्त असेल तर मी खालचा गिअर घेत नाही, टिंग टिंग घंटी वाजवते. त्या वेळी वेग किंचित जास्त होता. मनात आणलं असतं तर मी घेतला असता. पण मी घंटी वाजवली. मामांनी पुन्हा दांडा ओढला, मी पुन्हा वाजवली.

येशुदास खो खो हसले. "जावईबापू, ड्रायव्हरपेक्षा तुमची गाडीच शहाणी हाय की!"

पॉलसाहेबांना ते लागलं. "थांबवा गाडी, मामा. तुम्ही मागं बसा. मी चालवतो."

"पॉल, हे बरं न्हाई," कृपाबाई म्हणाल्या. पण त्यांचं कोण ऐकतो! तीस वर्षांत एक अपघात न केलेला माणूस उतरला आणि मागे जाऊन बसला.

मी ऐटीत वरचा गिअर घेऊन सुटले. पॉलसाहेब ब्रेकवर ब्रेक दाबत होते. दोन वळणांनंतर जळका वास सुटला. पुढच्या वळणाला त्यांनी ब्रेक पार खाली दाबला, पण चाकं आवरेनात. समोरून कांद्याचा टेम्पो चढत होता. खरं सांगते, मला काहीसुद्धा कळत नव्हतं.

मामा मागून पुढे झुकले. "साहेब, हात टाकू का?"

अशा वेळीसुद्धा त्यांनी विचारलं!

"टाका, मामा, टाका!"

मामांनी दांडा खाचेत घातला. "एकेक घेऊ. स्टेरिंग सोडू नगा." आधी तिसरा, मग दुसरा. मी निमूट घेतले. इंजिन किंचाळलं, वेग तुटला. टेम्पो हातभर अंतरावरून निघून गेला.

यवतला मामा उतरले. "ब्रेक गार होऊ द्या, मग निघा," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

आठवड्याने पॉलसाहेब मला घेऊन त्यांच्या दारी गेले. त्यांनी हात जोडले. "मामा, चुकलो. परत या."

मामांनी त्यांना ओट्यावर बसवलं, चहा पाजला. "मनात काय न्हाई, साहेब. पर आता न्हाई जमायचं. चालत्या कामावरनं मला आजवर कुणी उतरवलं नव्हतं."

मग ते पॉलसाहेबांना पोचवायला गाडीपर्यंत आले. माझ्या बॉनेटवरून हात फिरवला. "लई गुणाची हाय. तिच्यावर राग धरू नगा. त्या दिवशी तिला काय लागलं तर न्हाई ना?"

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पॉलसाहेबांना निदान चुकलो म्हणता आलं. मी दारात नुसती उभी राहिले, आणि मामांना वाटत राहिलं की गाडी बिचारी निर्दोष. पुढे पाच वर्षांनी ते वारले. आता सांगू कुणाला?

जाणत्या माणसाचा तुमच्याकडून चारचौघांत अपमान झाला, तर त्याच्या घरी जा आणि तो समोर असेपर्यंत बोलून टाका. तुम्हाला तोंड आहे.