दांडीवरचा पाय

वाघोबाच्या खिंडीचा चढ सुरू झाला की टोपल्या चढवणारा गडी झिपरू पिकअपच्या मागून खाली उडी मारायचा आणि चालू लागायचा. गाडीत मनोरहून भरलेल्या टोपल्या असायच्या, वालाच्या शेंगा, वांगी, मुळे. झिपरू आपल्या पावलाने वर पोचायचा, वाघोबापुढे हात जोडायचा, कठड्यावर बसून विडी पेटवायचा. विडी अर्धी झाली की खालून गाडीची घरघर ऐकू यायची.

"मारुतीदादा, बैलगाडी काय वाईट व्हती?" पुन्हा टोपल्यांवर चढताना तो विचारायचा. "तिच्यात निदान झोप तरी लागायची."

गाडी चालवणारा मारुती एरवी हसायचा. त्या शुक्रवारी हसला नाही. शेजारी बसलेल्या त्याच्या लेकीने, सुगंधाने, ते पाहिलं.

आदल्या दिवशीच गाडीचा मालक धर्माजीशेठ बोलला होता. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथल्या कामगारांच्या कॅन्टीनला भाजी पुरवायचं काम त्याने घेतलं होतं. भाजी दहाच्या आत पोचली पाहिजे, अशी अट होती. नवी कोरी पिकअप घेऊन दीड महिना झाला, तरी रोज सव्वादहा होत होते.

"मारुती, तू बावीस वर्षं माझी बैलगाडी हाकलीस, म्हणून चाक तुझ्या हातात दिलं," शेठ म्हणाला होता. "सोमवारी दहाच्या आत गाडी आली तर ठीक. नायतर मुंबईचा एक ड्रायव्हर हाय, त्याला बोलावतो. तू गाडीवरच राहा, टोपल्यांचं बघ."

तो हे रागाने बोलला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मारुतीने पन्नाशीला आल्यावर लायसन काढलं होतं. परीक्षेच्या दिवशी साखरबाईने, त्याच्या बायकोने, देवाला नारळ ठेवला होता. ते लायसन तो सदऱ्याच्या आतल्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवायचा. आणि आता टोपल्या मोजायच्या?

सुगंधा फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. पालघरच्या शाळेतून नेमणुकीचं पत्र यायचं होतं, तोवर ती पाम गावात घरीच होती. "मी येते बरोबर," ती म्हणाली, आणि मामाने दिलेलं घड्याळ व एक वही घेऊन गाडीत बसली.

चढाच्या पायथ्याशी मारुतीने गाडी ऐनाच्या झाडाखाली उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"काय नाय, बाय. जरा दम खाऊ दे तिला."

मागून झिपरू खिदळला. "दादा, पेंड पण घाल थोडी!"

लोक या थांबण्याला हसतात हे सुगंधाला ठाऊक होतं. इंजिनाला कसला दम? पण हसण्याआधी मोजून बघावं, असं तिला कॉलेजने शिकवलं होतं. सात मिनिटांनी गाडी निघाली. पहिल्या वळणापर्यंत दोन मिनिटं लागली. तेवढ्याच अंतरावरच्या दुसऱ्या वळणाला चार. तिसऱ्याला साडेसहा.

तिने वहीत तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. विश्रांतीनंतर गाडी खरंच चांगली ओढत होती, मग हळूहळू दमत होती. म्हणजे बाबाचं चुकत नव्हतं. काहीतरी तापत होतं आणि थांबल्यावर निवत होतं. पण इंजिनातलं पाणी तर उकळत नव्हतं. मग तापतंय काय?

वर जाताना आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. चढावर इंजिनाचा आवाज चढत होता आणि गाडी मात्र मंदावत होती, जणू इंजिन आणि चाकं यांचं आपसात बिनसलं होतं. बारीकसा वासही येत होता, जळक्या सुंभासारखा. वास कुठून येतो हे बघायला ती वाकली, आणि तिला बाबाचा डावा पाय दिसला.

पाय क्लचवर होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकवलेला. सरळ रस्त्यावर, चढावर, वळणावर तो तिथेच होता.

तिला क्लच पुस्तकातून माहीत होता. दोन थाळ्या, एक इंजिनाची, एक चाकांकडची. घट्ट चिकटून फिरल्या तर सगळी ताकद चाकांना मिळते. पायाच्या नुसत्या वजनानेही त्या जराशा सैल होतात, एकमेकींवर घसटतात, तापतात.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "बाबा, बैलगाडीत बसायचास तेव्हा पाय कुठे असायचा?"

मारुतीचा चेहरा दिवसात पहिल्यांदा खुलला. "दांडीवर. बैल कसा चाललाय ते दांडीतून पायाला कळतं ना. धाप लागली, पाय मुरगळला, समदं. डोळ्यांनी बघायला लागतच नाय. ही पण तशीच हाय. पायातून थरथर येते हिची. तिला लय दम लागला की मला कळतं."

सुगंधाने मान हलवली आणि वही मिटली.

शनिवारी परतताना मारुतीने पालघर स्टेशनाजवळच्या महादू मिस्त्रीकडे गाडी नेली. महादूने बॉनेट उघडून एकाच नजरेत निदान केलं.

"हे बघा, काका. कार्ब्युरेटरखाली कंपनीने पत्रा बसवलाय. नवी गाडी कुणी पळवू नये म्हणून इंजिनाचा घसाच आवळलाय. दोन हजार मैल झाले की त्यांचाच माणूस येऊन काढतो. त्याला हे तारेचं शिशाचं सील. पकडीने कट्ट करतो, पत्रा काढतो, वरून दुसरं सील दाबतो. गाडी हरणासारखी पळेल. कंपनीच्या बापाला कळणार नाही."

"कळलं तर?"

"तर गॅरंटी गेली. पण कळतंय कशाला?"

मारुती सीलकडे बघत राहिला. सोमवार मध्ये एकच दिवस टाकून होता. 

"नको," तो शेवटी म्हणाला. "शेठनं गॅरंटीच्या कागदावर सही केली हाय. गाडीत उद्या खरंच काय मोडलं तर तो कुणाकडं जाईल?"

"मग चढा बैलगाडीसारखे," महादू हात पुसत म्हणाला.

"महादूभाऊ," सुगंधा म्हणाली, "क्लचचं पेडल दाबताना सुरुवातीला इंचभर मोकळं जायला हवं, असं पुस्तकात आहे. तेवढं बघता?"

"पुस्तक वाचून गाड्या सुधारत नाहीत, ताई." पण त्याने वाकून अंगठ्याने पेडल दाबलं. पुन्हा दाबलं. "च्यायला. जराही मोकळं नाही. दीड महिन्यात?" त्याने पेडलच्या रबराकडे पाहिलं. डाव्या कडेला ते घासून गुळगुळीत झालं होतं. मग त्याने मारुतीच्या पायातल्या वहाणेकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं.

सुगंधा त्याच्याकडे बघत होती. नुसती बघत होती.

महादूने तोंड मिटलं. "नट थोडा फिरवून देतो," तो म्हणाला. "त्याला काही सील नसतं."

नट फिरवून भागणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पाय तिथेच राहिला तर पुन्हा तेच होणार. पण बाबाला सांगायचं कसं? ज्या गाडीची तो दुभत्या जनावरासारखी काळजी घेत होता, तिला त्याचीच काळजी जड होत होती.

रविवारी कॅन्टीन बंद असायचं. सुगंधाने माळ्यावरून लाकडाचा एक तुकडा खाली काढला. बैलगाडी मोडली तेव्हा तिच्या दांडीचा तेवढाच भाग मारुतीने घरी आणला होता.

"घे बाई," साखरबाई म्हणाली. "चार महिने झाले, चुलीत घालू देत नाय. म्हणतो, थंडी सोसू पण हे जाळायचं नाय."

सुगंधाने तो करवतीने हवा तेवढा कापला. क्लचच्या डाव्या बाजूला, इंजिन आणि माणूस यांच्यामधल्या पत्र्याला टेकवून पाचरीने घट्ट बसवला. भोक कुठेही पाडलं नाही; गॅरंटीचं पुस्तक तिने दोनदा वाचलं होतं. मग बाबाला हाक मारून गाडी चालू करायला सांगितली आणि गुडघ्यांवर बसून लाकडावर तळहात ठेवला. पत्र्यातून थरथर येत होती. बारीक, पण येत होती.

"बाबा, इथे पाय ठेवून बघ."

मारुतीने लाकूड ओळखलं. वहाण काढून पाय ठेवला. डोळे मिटले.

"कळतंय," तो म्हणाला. मग डोळे उघडून त्याने घासलेल्या रबराकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. "म्हणजे इतके दिवस मीच तिला दमवत व्हतो?"

खोटं बोलणं सुगंधाला कधी जमलं नव्हतं. "थोडंसं," ती म्हणाली.

"आन तू शुक्रवारपासून गप?"

ती लाकडावरचा भुसा पुसत राहिली. मारुतीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि इंजिन बंद केलं.

सोमवारी गाडी ऐनाखाली थांबली नाही; चढ लागल्यावर झिपरूने नेहमीसारखी उडी मारली. पहिलं वळण दोन मिनिटांत गेलं. दुसरं दोन. तिसऱ्या वळणावर मागून ओरडा आला, "दादा! ओ दादा! थांबा की!" मारुती चढावर थांबला नाही. वर वाघोबापाशी गाडी उभी करून त्याने हात जोडले, आणि झिपरूची वाट बघत बसला. झिपरू धापा टाकत आला तेव्हा मारुतीने त्याला विचारलं, "काय रे, पेंड घालू का थोडी?"

दहाला वीस मिनिटं कमी असताना गाडी कॅन्टीनच्या दारात होती. धर्माजीशेठ घड्याळ बघतच उभा होता. आधी त्याने बॉनेट उघडायला लावलं आणि सील चिमटीत धरून निरखलं. ते जसंच्या तसं होतं.

"मग केलंस काय?"

सुगंधा काही बोलणार, तेवढ्यात मारुतीच म्हणाला, "चूक माझीच व्हती, शेठ. पाय क्लचवर ठेवायचो. पोरीनं हुडकलं." आणि त्याने दार उघडून दाखवलं.

धर्माजी वाकला. लाकडावरून त्याने बोट फिरवलं. "हे आपल्या गाडीचं?"

"व्हय."

 सरळ होऊन शेठ म्हणाला, "मुंबईला पत्र टाकलंय त्या माणसाला. आज दुसरं टाकतो, येऊ नको म्हणून. चला, टोपल्या उतरवा, मुळे सुकतायत."

मंगळवारीही सुगंधा बरोबर गेली. आता तसं कारण नव्हतं. मनोरहून टोपल्या भरून येताना, वेळ हाताशी असल्यामुळे, चढाच्या पायथ्याशी मारुतीने ऐनाच्या झाडाखाली गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"आता गरज नाही, बाबा," असं म्हणायला तिचे ओठ हलले. मारुती गाडीतून उतरला होता, बॉनेटवर हात ठेवून उभा होता.

सुगंधाने घड्याळ बघितलं नाही. वहीही उघडली नाही.