टेबलावर बसवलेला पंप

मित्रांनो, मेरिल टेशच्या गॅरेजमधला जुना पंप तो मीच. आमच्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये घरी बिअर करणारे पुष्कळ, त्यांत मेरिलचा हात चांगला. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, गरम, गोड काढा एका पातेल्यातून दुसऱ्यात नेणं हे माझं काम. अकरा वर्षं मी ते इमानाने केलं.

माझा स्वभाव मात्र संशयी. पोटात हवा अडकली असेल तर मी काढ्याचा थेंबही पुढे सरकू देत नाही. मला काढा ओढून घेता येत नाही, तो वरून आपसूक माझ्यात उतरावा लागतो. म्हणून मी पातेल्याच्या खाली, स्टँडच्या पायाशी बसायचो. मेरिल नळ उघडायचा, माझी छोटी तोटी सैल करायचा आणि फुसफुस थांबून काढ्याची धार आली की मगच बटण दाबायचा.

यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याला वाकवेना, म्हणून त्याने मला टेबलावर, पातेल्याच्याही वर बसवलं. त्याआधी आठवडाभर त्याचा मेहुणा वेंडल मला उसना घेऊन गेला होता. मेरिलला बिअर करायला त्यानेच शिकवलं. दर शनिवारी दोघं गॅरेजमध्येच असायचे. पण गेल्या वर्षी जिल्ह्याच्या जत्रेतल्या बिअरच्या स्पर्धेत पहिल्या नंबरची निळी फीत वेंडलला मिळाली आणि ते मेरिलला सलत राहिलं.

जत्रेसाठी बिअर करायचा दिवस आला. मेरिलने बटण दाबलं आणि मी नुसताच कोरडा घरघरलो. त्याने मला उघडलं, हुंगलं, आतून बोट फिरवून पाहिलं. मी चकचकीत होतो. तेच त्याला खटकलं.

"एवढा घासून कशाला दिला? तुझ्या भावाने काहीतरी करून ठेवलंय याला," तो बायकोला, डोरीनला म्हणाला.

"धुऊन दिला, हाही गुन्हा झाला का?"

तरी मेरिलने फोन लावलाच. तो वेंडलला जे बोलला, ते ऐकून मला लाज वाटली. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण सांगणार कसा?

दहा मिनिटांत वेंडल आला, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन.

"याला वर कुणी बसवलं?"

"मी," मेरिल म्हणाला.

वेंडलने मला सोडवून जमिनीवर ठेवलं, तोटी सैल केली. हवा गेली, पोट भरलं आणि काढा वाहू लागला. मेरिलने त्याला थांबायचा आग्रह केला. वेंडल हात पुसून निघून गेला. नंतरच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

त्या वर्षी वेंडलने जत्रेत बिअर ठेवलीच नाही. निळी फीत मेरिलला मिळाली. ती खिशात घालून तो लंगडत मेहुण्याच्या घरी गेला आणि तशीच परत घेऊन आला.

मित्रांनो, आम्हा पंपांना खाली बसवा, आधी हवा काढा, मग बटण दाबा. आणि तरीही काही अडलं, तर आपल्या माणसाला फोन लावण्याआधी आम्हाला कुठे बसवलंय, तेवढं एकदा बघा.