दसऱ्याचा नीलकंठ

पासष्ट सालची लढाई थांबली म्हणून रेडिओवर सांगितलं, पण आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या जिवाला थारा नव्हता. त्यांचा श्रीरंग फौजेत, सीमेवर, आणि त्याची काहीच खबर नाही. दसऱ्याच्या सकाळी जाऊबाईंनी, म्हणजे अंजनीबाईंनी, जाहीर केलं, "नीलकंठाचं दर्शन झाल्याबिगर मी पाण्याचा घोट घेणार नाही."

आमच्या जबलपुरात दसऱ्याला नीलकंठ पाखरू दिसलं की मनातलं मागायचं, तो ते देवाच्या कानी घालतो म्हणतात. दर वर्षी पाखरं धरणारा एक माणूस पिंजऱ्यात नीलकंठ घेऊन दारोदार दर्शन घडवायचा. यंदा लढाईपायी आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांत परक्या माणसाला फाटकावरच अडवत होते. मला असा राग आला! फाटकाचा आला, आणि जाऊबाईंचा तर जास्तच. आईनं उपाशी राहून पोराचं काय भलं होणार? तसं त्यांना तोंडावर ऐकवलंही.

"चलो, आपणच शोधू. शहराबाहेर पाटनकडच्या शेतांत जाऊ," आमचे हे म्हणाले. तोफगोळ्यांच्या खात्यात ओव्हरटाइम करून करून ह्यांना सुट्टी कशाशी खातात ते ठाऊक राहिलं नव्हतं. त्यात पाखरांचं लहानपणापासून वेड. मी दशम्या बांधल्या, पाणी घेतलं, आणि तिघं बसनं निघालो.

तिकडची शेतं बांध घालून पावसाळाभर पाण्यानं भरून ठेवतात. दसऱ्याच्या सुमारास बांध फोडून पाणी सोडायचं आणि मग ओलीवर गहू, हरभरा पेरायचा. आम्ही पोचलो तर जिकडे तिकडे गुडघाभर पाणी आणि त्यात पाखरांची जत्रा. हे हरखूनच गेले. "वहिनी, तो करकोचा पाहा, त्याची चोच पुरती मिटतच नाही! अन् ही शेपटी हलवणारी धोबीण, पार हिमालयाकडून आली बरं का!"

"अहो, आपण पाखरं पाहायला आलो का पाखरू?" मी म्हटलं.

"पाखरांतच पाखरू राहते ना!" म्हणून हे पुन्हा करकोच्याकडे वळले.

बांधांवरून हिंडून हिंडून आमचे पाय चिखलानं माखले. जाऊबाईंचे ओठ सुकले, तरी बाई पाण्याकडे पाहीनात. मला काही ते पाहवेना. एका बाभळीवर निळं काही चमकलं तशी मीच ओरडले, "बाई, तो पाहा नीलकंठ! सोडा आता उपास."

जाऊबाईंनी डोळ्यांवर आडवा हात धरला. "विभा, तो खंड्या आहे. चोच लालबुंद आहे त्याची. मला काहून फसवून राहिली?"

माझं तोंड एवढंसं झालं. हे दुसरीकडे पाहत हसत होते.

दुपारी गणपत पटेल नावाच्या शेतकऱ्यानं बांधाला हळदकुंकू वाहिलं आणि कुदळ घातली. पाणी धो धो निघालं. "आता चिखलात किडे उघडे पडतील," हे म्हणाले. "येईल तो खायला. बसा." आम्ही आंब्याखाली बसलो. जाऊबाईंचा खोडाला टेकून डोळा लागला.

थोड्या वेळानं सडकेच्या तारेवर एक मातकट पाखरू येऊन बसलं. असेल काहीतरी, म्हणून मी लक्षही दिलं नाही. तोच त्यानं चिखलाकडे झेप घेतली आणि पंख उघडले. माय माझे, काय ती निळाई! मी ताडकन उठले आणि ओरडले, "श्रीरंगाला घरी आण रे बाबा! धडधाकट आण!"

माझ्या ओरडण्यानं पाखरू पळालं आणि जाऊबाई जाग्या झाल्या.

"गेला?"

"गेला," मी म्हणाले आणि मला रडूच कोसळलं. "तुम्हाला उठवायचं सोडून मी मेली बोंबलत बसले!"

जाऊबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. "तू काहून रडतेस, विभा? सकाळपासून तर माझ्यावर आग पाखडून राहिली होती."

"मग काय करू? तुम्ही रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडता. मीही रडत बसले तर भाकऱ्या कोण थापेल? म्हणून भांडते. माझ्याही मांडीवर वाढला ना तो!"

हे करकोचा सोडून आमच्याकडे पाहू लागले. जाऊबाईंनी पदरानं माझं नाक पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं.

"मागणं त्याच्या कानी गेलं ना? मग आईनं मागितलं काय अन् काकीनं मागितलं काय," त्या म्हणाल्या. "आण पाणी. अन् आता तू रड पोटभर. भांडायचं मी पाहते."