आबांनी घेतलेला मान

नर्सिंग कॉलेज निवडायचं होतं शेफालीला, पण घरच्यांनी ते स्थळ बघायला निघाल्यासारखं मनावर घेतलं. कळसहून गाडी निघाली तेव्हा पुढे वडील मच्छिंद्र आणि फेटा बांधलेले आजोबा गेनबा, म्हणजे घरातले आबा, मागे आजी बायडाबाई, पेढ्यांचा बॉक्स, आणि उरलेल्या जागेत चेपून बसलेली शेफाली. प्रवेश परीक्षेचा निकाल तिच्या हातात होता. तो मात्र कोणी बघायलाही मागितला नाही.

पुण्यात पेठेतल्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता. एएनएमचा कोर्स, शिकायला कॉलेजचंच हॉस्पिटल, आणि पास झाल्यावर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. ती नोंदणी असली की कुठल्याही दवाखान्यात नर्स म्हणून उभं राहता येतं, नसली की नाही. शनिवारी दुपारपर्यंत जागा पक्की करायची, नाहीतर ती पुढच्या मुलीला. इतकी सरळ गोष्ट होती. पण ऑफिसातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"आपल्या चौघांनाही प्रवेश हवाय का?"

"न्हाय, नातीला," आबा म्हणाले.

"मग ती थांबेल. बाकीच्यांसाठी बाहेर बाक आहे. आणि पेढे न्या परत, ते ती पास झाल्यावर."

झालं. ना चहा, ना पाणी, ना गाव कुठलं म्हणून चौकशी. "ज्यांना मानसाची किंमत न्हाय, ते पोरीला काय शिकिवणार?" म्हणत आबा उठले, आणि शेफालीची कागदपत्रं पिशवीतून निघायच्या आत सगळे पुन्हा गाडीत बसले.

मच्छिंद्रच्या मित्राने कात्रजची एक अकॅडमी सांगितली होती. तिथे डायरेक्टर फाटकापर्यंत सामोरे आले. चहा आला, काजूची बिस्किटं आली आणि आबांच्या खांद्यावर शाल घालून हातात नारळ दिला गेला. आबा फुलून गेले. "पोरगी तुमच्या पदरात घातली," त्यांनी सांगून टाकलं.

"सर, इथे शिकून कौन्सिलची नोंदणी मिळते ना?" शेफालीने विचारलं.

"ताई, आमच्या मुलींना त्याची गरजच पडत नाही. डायरेक्ट प्लेसमेंट."

तिने पुन्हा विचारलं, तर त्यांनी पुन्हा चहा मागवला. शेफालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येईपर्यंत ती बोलत राहिली. तिची मैत्रीण अवनी अशाच एका अकॅडमीत शिकली होती. आता हॉस्पिटलात ती पेशंटना लिफ्टपर्यंत सोडायचं काम करते, सलाईनला हात लावायची तिला मुभा नाही. मच्छिंद्र नेहमीप्रमाणे म्हणाले, "आबा म्हणतील तसं." आणि आबा म्हणाले, "तुझं खरं असंल. पर मान घेतलाय मी. मान घिऊन पाठ फिरवायची रीत न्हाय आपल्यात."

एका शालीपायी आपलं आयुष्य अडलंय, या विचाराने शेफालीला रडू यायला हवं होतं. आला तो नुसता संताप. शुक्रवारी रात्रीचं जेवण झाल्यावर ती आबांच्या समोर जाऊन बसली.

"आबा, धानोरीची जमीन घ्यायची ठरली होती, ती तुम्ही का सोडलीत? जमीनमालक तर ताबा देत होते, जेवायलाही घालत होते."

"सातबाऱ्यावर नाव लागनार नव्हतं. नुसता ताबा काय चाटायचाय?"

"मग कात्रजला माझं नाव कुठे लागणार आहे?"

आबांनी बराच वेळ शालीची दशी बोटाला गुंडाळली. "उद्या मान माघारी देऊ," ते शेवटी म्हणाले.

"नारळ तर म्या फोडला," बायडाबाई आतून म्हणाली. "चटणीला."

म्हणून शनिवारी सकाळी आधी नवा नारळ घेणं आलं. तोही पाणीदार हवा म्हणून आबांनी अर्धी टोपली कानाशी हलवून पाहिली. फोन करून नाही म्हणा ना, असं शेफालीने विनवलं. "मान काय फोनवर घेतला व्हता?" आबा म्हणाले. कळसहून कात्रज म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं, तेही शनिवारच्या गर्दीत. शाल-नारळ डायरेक्टरांच्या हाती देऊन परतताना स्वारगेटला गाडी जागची हलेना, तेव्हा शेफालीने दार उघडलं आणि पिशवी छातीशी धरून ती पेठेकडे पळत सुटली.

ऑफिसातल्या बाई कपाटाला कुलूप लावत होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्या घामाने भिजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि कुलूप काढलं. "आज एकट्याच?" एवढंच त्या म्हणाल्या.

सगळं उरकून ती बाहेर आली, तर बाकावर फेटा सावरत आबा बसलेले. शेजारी वॉचमनने आणून दिलेला चहा, वर साय धरलेली.

"घ्या की बाबा, गार झाला," वॉचमन म्हणत होता.

आबांनी ग्लासाला हात लावला नव्हता. ते शेफालीकडे बघत होते.

"लागलं का नाव?"

"लागलं. पास झाले की नोंदणीही मिळेल."

मग आबांनी ग्लास उचलला.