तिसऱ्या हाकेला

पूर्वीला यंदा पोलंडचा व्हिसा मिळाला नाही, म्हणून पोलंडच तिच्या दिवाळे गावातल्या घरी आलं. दोन उन्हाळे ती तिथल्या तळ्याकाठच्या कॅम्पात जाऊन सहा-सात वर्षांच्या पोरांना इंग्रजी शिकवून आली होती. कॅम्पवाल्यांना ती सोडवेना. त्यांनी वर्गाच्या भिंतीवर मोठा पडदा लावला आणि बाईंनी घरबसल्या शिकवावं असं ठरलं. एरवी ती सीवूड्सच्या एका नर्सरीत शिकवायची. तिथं पोरांपेक्षा पालकच जास्त रडतात, त्यामुळे पोलंड म्हणजे तिला माहेरपण वाटायचं.

तिकडे सकाळ असायची तेव्हा इकडे जेवणाची वेळ. आतल्या खोलीत तिचा बाप, जयदेव, कोलंबी सोलत बसायचा आणि बाहेर पूर्वी लॅपटॉपसमोर हातवारे करत गाणी म्हणायची. तिचा एक खेळ ठरलेला होता. तिने नाव घेतलं की त्या पोराने ताडकन उभं राहून "येस, टीचर" म्हणायचं, तेही पहिल्याच हाकेला. लाजऱ्या पोरांची जीभ त्याने सुटते असा तिचा अनुभव होता, आणि खरोखरच सुटायची.

एक दिवस झोशा मात्र उठली नाही. झोशा वर्गात सगळ्यात लहान, पुढचे दोन दात पडलेली, पूर्वीची लाडकी. तिचं लक्ष खिडकीबाहेर तळ्याकडे होतं. पूर्वीने विचारलं तेव्हा ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "टीचर, काल तू मला बोलावलंस ना, पाण्यातून. मी येस म्हटलं. पण माझे बूट सापडले नाहीत, म्हणून आले नाही."

जेवताना पूर्वीने बाबांना ही गंमत सांगितली. जयदेवने ताट बाजूला सारलं.

"तिनं ओ दिली?"

"दिली म्हणते. बाबा, लहान पोरगी हाय, काहीपन सांगते. तू टेन्शन नको घेऊ."

"पान्यातलं हाय ते. वलखीच्या आवाजात बोलवतं," जयदेव म्हणाला. "आपल्यात तिसऱ्या हाकेबिगर कुनी ओ देतं का? ते दोनदाच हाक मारतं. तिसरी त्याला येत नाय. पोरीला सांग, बाय."

पूर्वी हे लहानपणापासून पाळत आली होती. दारावर कुणी कितीही ओळखीचं आलं तरी तिसऱ्या हाकेपर्यंत गप्प राहायचं. नर्सरीतल्या मैत्रिणी तिला बहिरी म्हणून चिडवायच्या. आणि परक्या देशातल्या पोरांना मात्र तिनेच पहिल्या हाकेला उठायची सवय लावली होती, तीही स्वतःच्या आवाजाची. त्या लेकराला काही झालं तर?

दुसऱ्या दिवशी तिने खेळ बदलला. पहिल्या हाकेला ओठांवर बोट, दुसऱ्या हाकेलाही बोट, आणि तिसरीला "येस, टीचर". पोरांना हे भलतंच आवडलं. पोरं सांभाळणाऱ्या अगाताला तिने तळ्याकडचं दार लावून घ्यायला सांगितलं. अगाता म्हणाली, उकडतं, आणि पोरं शहाणी आहेत. समुद्रापलीकडून दार लावता येत नाही, म्हणून पूर्वी रोज तोच खेळ घेत राहिली. झोशा तर त्यात पटाईत झाली.

एका दुपारी अगाता सरबत आणायला गेली होती. पूर्वी पुढचं चित्र शोधत होती, तेवढ्यात लॅपटॉपमधून आवाज आला.

"झोशाऽ."

पूर्वीचे ओठ मिटलेले होते. आवाज तिचाच होता, शेवट लांबवायची लकबसुद्धा तिचीच. झोशाने ओठांवर बोट ठेवलं. जयदेव कोलंबीच्या हातानेच दाराशी येऊन उभा राहिला.

"झोशाऽ."

बोट हललं नाही. गुणाची गं माझी पोर, असं पूर्वीला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

"झालं," जयदेवने सुस्कारा सोडला. "आता नाय येत."

"झोशाऽ."

इतके दिवस त्या उघड्या खिडकीबाहेर कुणीतरी पूर्वीचा वर्ग ऐकत होतं, आणि चांगलं शिकलं होतं.

"येस, टीचर," झोशा म्हणाली, आणि तळ्याकडच्या दाराकडे निघाली. बूट आज पायातच होते.

"झोशा!" पूर्वी किंचाळली.

उंबऱ्यावर झोशा थांबली. तिने वळून पडद्याकडे पाहिलं. पूर्वीची ती पहिलीच हाक होती. झोशा बोळकं दाखवत हसली, ओठांवर बोट ठेवलं आणि बाहेर पडली.

पूर्वीने दुसरी हाक मारली तेव्हा दारात कुणी नव्हतं. वर्गातली बाकीची पोरं, शिकवल्याप्रमाणे, ओठांवर बोट ठेवून गप्प बसली होती.