कंडक्टरबाईंचा पहारा

मित्रांनो, मी एक जुना प्रोब आहे. सोनोग्राफीच्या यंत्राला वायरीनं बांधलेला, मुठीत मावणारा. ऑपरेशनच्या खोलीत माझी नोकरी. गार जेल लावून मला कातडीवर टेकवलं, की आतलं चित्र पडद्यावर उमटतं. नस कुठे, रक्तवाहिनी कुठे, हे बघून भूल देणारे डॉक्टर सुई घालतात. मग तेवढा हात झोपतो आणि माणूस जागाच राहतो!

नवा होतो तेव्हा काय कौतुक होतं माझं! मग एकदा कोणाच्या तरी हातून मी फरशीवर पडलो. तेव्हापासून चित्राच्या कडेला एक काळी रेघ येते. चित्र अंधुक आलं, की सगळे म्हणायचे, प्रोब बिघडला. सुई दिसली नाही, प्रोब बिघडला. मग मीही संशयी झालो. जो हातात घेईल, त्याची पकड आधी जोखू लागलो.

एके सकाळी एक कंडक्टरबाई आल्या. बसच्या पायरीवरून घसरून उजवं मनगट मोडलेलं, त्यात दम्यानं छाती नाजूक. पूर्ण भूल दिली तर श्वास अडकायची भीती, म्हणून फक्त हात बधिर करायचा होता. सगळी भिस्त माझ्यावर.

बाईंनी मला वरखाली न्याहाळलं. "हे दाढीचं मशीन माझ्या आतलं बघणार?"

"हेच बघणार. मान डावीकडे करा, मावशी," भूल देणाऱ्या डॉक्टरताई म्हणाल्या.

मान डावीकडे गेली आणि लगेच परत आली. पुन्हा वळवली, पुन्हा आली. हाताच्या नसा गळ्याजवळच्या हाडामागून उतरतात, म्हणून मला तिथेच टेकवलेलं. मान हलली की कातडीला घडी पडे, मी तिरका होई आणि पडद्यावर नुसतं धुकं.

सर्जन दारातूनच म्हणाले, "ते भंगार ठेवा बाजूला. पूर्ण भूल देऊन मोकळे व्हा."

माझं जाऊ द्या, पण बाईंच्या श्वासाचं काय?

ताईंनी डोळे बारीक केले. आता आपली धडगत नाही, असं मला वाटलं. पण त्यांची नजर माझ्यावर नव्हतीच.

"मावशी, मान सारखी का वळवता?"

"मग? तुम्ही काय करताय ते नको बघायला? सारा जन्म फुकटे पकडले मी. जो म्हणतो 'तिकडे बघा', तोच मागच्या दारानं उतरतो!"

सिस्टर खुदकन हसल्या. ताई हसल्या नाहीत. प्लग तिथे म्हणून यंत्र कायम उजव्या बाजूला उभं असे. त्यांनी लांब वायर मागवली, यंत्र डावीकडे नेलं आणि जाड उशी काढून चादरीची पातळ घडी डोक्याखाली दिली.

"आता द्या पहारा. मी काय करते ते तिकडेच दिसेल."

बाईंची मान वळली आणि तिथेच थांबली.

"ते काळं धडधडतंय काय?"

"रक्तवाहिनी. तिला शिवायचं नाही. शेजारी द्राक्षांचा घड दिसतो ना, त्या तुमच्या नसा. ही चमकती रेघ म्हणजे सुई."

"सरळ चालवा तिला. वाकडी गेली तर ओरडेन हं!"

ओरडायची वेळ आली नाही. थोड्या वेळानं हात जड झाला, मग मुळी आपला वाटेना. हिरव्या पडद्याआड ऑपरेशन सुरू झालं आणि आपल्याच श्वासानं बाई सर्जनना दटावत राहिल्या, "अहो, अजून किती स्टॉप राहिले?"

शेवटी सर्जनही म्हणाले, "हा शेवटचा, मावशी."

मित्रांनो, मला पाडू नका, स्पिरिटनं खसाखसा घासू नका; मऊ कापडानं पुसून जागेवर ठेवा. आणि भ्यालेलं माणूस सारखं मान वळवून बघत असेल, तर त्याला हट्टी म्हणू नका. त्याला दिसेल अशी सोय करा.